गोळोबाचा आवाज

नवऱ्याचं नाव मी उखाण्याबाहेर कधी घेतलं नाही, आणि आता म्हातारपणी घ्यायची हौस नाही. मग बाकीच्यांची तरी कशाला घेऊ? माझ्या गोष्टीत माणसं मोजकीच आहेत. मी, आमचे हे, माझा धाकटा भाऊ आणि त्याची बायको. शिवाय एक लोखंडाचा गोळा. नावं नसली तरी घोटाळा व्हायचा नाही.

माझं माहेर गिरगावातलं. वडील मुलींच्या शाळेत शिपाई होते, म्हणून मला चार पुस्तकं फुकट शिकता आली. भावालाही शाळेत घातला होता, पण त्याचं बूड बाकावर टिकेना. लग्न होऊन मी परळला निघाले तेव्हा आईने असा पदर डोळ्यांना लावला, जसं काही मी काळ्या पाण्यावरच चाललेय. गिरगावच्या लोकांना तेव्हा परळ म्हणजे नुसता धूर आणि चिखल. गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, मुंबईत यायच्या आधीची ही वर्षं. गिरण्यांची धुराडी एकामागून एक उभी राहत होती, आणि कोकणातली माणसं शिडाचे पडाव भरभरून येत होती.

आमचे हे गिरणीत इंजिनवाले. सरकारी परीक्षा पास झालेले, सर्टिफिकेट काचेत घालून खोलीत टांगलेलं, तेही देवाच्या तसबिरीच्या वरच्या खिळ्याला. लग्नानंतर घर हाताशी आलं तसं मी ते मुकाट्याने खालच्या खिळ्याला आणलं. यांनी पाहिलं, बोलले काही नाहीत. यांचा स्वभावच तो. मी बोलायची आणि हे ऐकायचे. दिवसभर इंजिन ऐकणाऱ्या माणसाला बायकोच्या आवाजाची काय मातब्बरी!

इंजिनवाल्याला राहायला गिरणीच्या आवारातच खोली होती, आणि दारात गिरणीचं तळं. दिसायला छान, पण शोभेसाठी खणलेलं नव्हे. बॉयलरमधली वाफ इंजिनात जाऊन दट्ट्या, म्हणजे पिस्टन, ढकलायची, आणि काम करून बाहेर आली की तळ्यातल्या गार पाण्याने तिचं पुन्हा पाणी करायचं. वाफेचं असं एकाएकी पाणी झालं की तिथे पोकळी होते, आणि ती पोकळी दट्ट्याला मागून ओढते. “पुढून वाफ ढकलते, मागून पोकळी ओढते. दोघी मिळून गिरणी चालवतात,” हे मला समजावायचे.

“म्हणजे सासू-सुना म्हणा की,” मी म्हटलं.

“हो, पण या भांडत नाहीत.”

असं काहीतरी वर्षातून एकदा बोलायचे.

निवलेल्या वाफेचं ऊन पाणी तळ्यात परत पडायचं ते आमच्या बाजूला. आवारातल्या बायका आम्ही तिथेच धुणी धुवायचो. पौषात हात घातला की बरं वाटायचं. चैत्र-वैशाखात आणि नंतर आश्विनात मात्र सगळं तळंच कोमट व्हायचं, पलीकडच्या काठालासुद्धा. रोज सकाळी हे दारात उभे राहून विचारायचे, “पाणी कसं आहे गं?” इंजिनघरात पारा भरलेली नळी होती, तिच्यावर सगळं कळायचं, तरी मला विचारल्याशिवाय पाऊल उचलायचे नाहीत. लोकांचे नवरे विचारतात जेवायला काय आहे, आमचे विचारणार पाणी कसं आहे. तक्रार नाही माझी. मला ते आवडायचं.

पाणी ऊन असलं की मागची ओढ ढिली पडते, आणि ओढ ढिली पडली की इंजिनाचा जोर घटतो. थंडीत इंजिनाच्या अंगात जोर शिल्लक असायचा, तो हे मुद्दाम वापरायचे नाहीत. लागेल तेवढाच घ्यायचे. उन्हं वाढली की तो शिल्लक जोर खर्ची पडायला लागायचा, आणि तळं एका हद्दीपलीकडे तापलं की शिल्लक संपायची. मग दोनच वाटा. एक तर गिरणी थोडी सावकाश चालवा, नाहीतर पुढून जास्त ढकला, म्हणजे वाफेचा दाब वाढवा. मॅनेजरसाहेबाला तिसरी वाट हवी असायची. पौषात निघतं तेवढं सूत वैशाखातही निघालं पाहिजे, आणि कुणाला काही झालंही नाही पाहिजे.

दाब दाखवायला बॉयलरवर काट्याची तबकडी होती. आगवाले, म्हणजे भट्टीत कोळसा मारणारी माणसं, तिला घड्याळ म्हणायचे. सरकारी इन्स्पेक्टर बॉयलर गार करायला लावायचा, आत उतरून पत्रे ठोकून बघायचा, आणि मग ऐंशी पौंडांवर लाल रेघ मारून जायचा. त्या रेघेपुढे जायचं नाही. पण म्हणून दिवसभर रेघेला टेकून चालायचं, असंही नाही. यांचे आकडे ठरलेले होते. दिवसभर सत्तर. सकाळी गिरणी सुरू होताना यंत्रांचे सगळे पट्टे एकदम ओढायचे असतात, तेव्हा घटकाभर पंचाहत्तर. “आणि ऐंशी?” “ऐंशी चालायला नाही, थांबायला आहे.”

“पण पंचाहत्तर सोसतोय ना बॉयलर? मग दिवसभर का नको?” मी एकदा जेवताना विचारलं.

हे म्हणाले, “तू पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन जिना चढतेस ना? मग दिवसभर चढत राहा.”

भाजी वाढता वाढता मला ते कळलं. पत्रा काही लगेच फाटत नाही. तापतो, ताणतो, रोज थोडा थोडा थकतो, आणि थकलेला दिसत मात्र नाही. घरातल्या बाईसारखंच की, असं माझ्या जिभेवर आलं होतं, पण गिळलं.

उष्णतेलाही अशीच हद्द होती. भट्टीच्या वरच्या पत्र्यात शिशाचं बूच बसवलेलं असायचं. पत्र्यावर पाणी आहे तोवर बूच शाबूत. पाणी उतरलं आणि पत्रा तापला, की शिसं वितळायचं, वरची वाफ आगीवर यायची आणि आग बसायची. “लाल रेघ माणसाने पाळायची,” हे म्हणायचे, “पाण्याचं शिसं बघतं, आणि माणूस चुकला तर गोळा आहे.”

आता गोळ्याकडे येते. बॉयलरच्या डोक्यावर वाफेची झडप असते, सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणतात तिला. झडपेवर एक आडवी लोखंडी दांडी, आणि दांडीवर लोखंडी गोळा. दाब रेघेच्या वर गेला की वाफेने ती दांडी गोळ्यासकट उचलायची, मोठ्याने ओरडत बाहेर पडायचं, आणि दाब उतरला की गोळा आपला पुन्हा खाली. गोळा दांडीवर कुठे बसवायचा ते इन्स्पेक्टर ठरवायचा आणि छिन्नीने खूण करायचा.

इन्स्पेक्टरला तो गोळा वाटायचा. आगवाल्यांचा तो देव होता. वेशीवर काळा दगड दिसला तरी हात जोडणारी आमची माणसं, आणि हा तर जीव राखणारा. पहिला शेंदूर कुणी लावला कोण जाणे. मी आले तेव्हा त्याचा गोळोबा झालेला होता. दर शनिवारी तेल-शेंदूर, दसऱ्याला झेंडूचा हार आणि नारळ. चटका बसू नये म्हणून नवस, गावी भात चांगला यावा म्हणून नवस. गिरणीत तीन बॉयलर होते, पण देव फक्त मधल्या, सगळ्यांत जुन्या बॉयलरचा. बाकीचे दोन नुसतेच गोळे. का म्हणून विचारू नये.

माझ्या भावाला यांनीच मधल्या बॉयलरवर आगवाला म्हणून लावून घेतलं होतं. शाळेत न टिकलेला माझा भाऊ आगीपुढे मात्र टिकला. हात असा तयार, की फावड्याच्या फेकीत कोळसा भट्टीभर सारखा पसरायचा. पण शेखी किती! झडप उघडून वाफ उडाली की आगवाले म्हणायचे, गोळोबा ओरडला. आणि ज्याच्या हातून ओरडला त्याची दिवसभर थट्टा. आग राखता येत नाही, कोळसा फुकट घालवतो. माझा भाऊ छाती काढून सांगायचा, “आपल्या हातात गोळोबा गप्प असतो.” दुपारच्या सुटीत इंजिन थांबलं की वाफेला जायला वाट नसते. तेव्हा उन्हाच्या दिवसांत त्याच्याही हातून गोळोबा थोडा ओरडायचाच. त्या वेळी हा तोंड लपवायचा. हे त्याला म्हणायचे, “ओरडू दे रे कधीमधी. जिवंत आहे एवढं तरी कळतं.” भाऊ हसून सोडून द्यायचा. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, हे आमच्या माहेरचं रक्त.

त्याचं बिऱ्हाड भोईवाड्यातल्या चाळीत. भावजय गरीब गाय, माझ्यासारखी तोंडाळ नव्हे. दोनदा ती बाळंत झाली आणि दोन्ही वेळा मूल रडलंच नाही. सुईणीने पाय धरून उलटं केलं, पाठीवर चापट्या मारल्या, तोंडात फुंकर घातली. आवाज नाही. दोन्ही वेळा मी आत होते, आणि भाऊ दाराबाहेर गॅलरीत कान देऊन उभा. आतून काहीच ऐकू येत नाही म्हणताना त्याला सगळं कळायचं. ती शांतता मी वैऱ्यालाही देणार नाही. दुसऱ्या वेळी त्याने दार वाजवलंसुद्धा नाही. तसाच जिना उतरून निघून गेला.

तिसऱ्यांदा दिवस गेले. दिवाळीच्या सुमाराला मोकळी होणार होती. दसऱ्याला त्याने गोळोबाला नवस बोलला. पाच नारळ बांधतो, मूल रडलं की उतरवीन, तोवर कुणी हात लावायचा नाही.

दसऱ्याला इंजिन बंद असायचं. सगळं पुसून लख्ख केलेलं, चाकांना आंब्याची डहाळी, आगवाले आंघोळ करून धुतलेल्या धोतरात. मीही हळदकुंकू घेऊन गेले. गोळोबाच्या मागे दांडीच्या टोकाला लाल कापडाचं गाठोडं दिसलं. वर इतके हार, की आत काय आहे ते दिसायची सोय नाही. यांनीही पाहिलं आणि खण असेल म्हणून सोडून दिलं. दर वर्षी एक नारळ वाढवायचे आणि तिथेच वाटून खायचे, एवढंच सगळ्यांना ठाऊक. या पठ्ठ्याने पाच नारळ बांधले होते, न सोललेले, सालासकट, गावाहून मागवलेले.

दसऱ्यानंतर काही दिवस आभाळ धरून होतं. तळं गार, इंजिन खुशीत, आग बेताची. मग आभाळ फाकलं आणि आश्विनाचं ऊन असं पडलं, की तळ्याकाठच्या दगडावर पाय ठरेना. “पाणी कसं आहे?” “कोमट कसलं, ऊन आहे चांगलं.” हे तडक इंजिनघराकडे गेले. सकाळभर इंजिन धापा टाकत होतं आणि साहेबाचा माणूस सारखा येऊन सूत तुटतंय म्हणून ओरडत होता. यांनी पंचाहत्तरला परवानगी दिली, तीही सुटीपर्यंतच. भावाने भट्ट्या लालभडक केल्या.

भोंगा झाला, इंजिन थांबलं. मी भाकरी घेऊन गेले होते. इंजिनघराच्या पायरीवर यांना वाढलं. यांनी एक घास घेतला, दुसरा हातातच राहिला.

“गोळोबा ओरडला?” यांनी विचारलं.

“नाही हो. आज गप्प आहे.”

घास ताटात ठेवून हे उठले. पळाले नाहीत. पळाले असते तर मागे शंभर माणसं पळाली असती. मीही मागून गेले.

काटा लाल रेघेच्या पुढे होता. चांगला पुढे. आणि वर काहीही हलत नव्हतं. यांनी पाण्याची काचनळी बघितली. पाणी भरपूर होतं, म्हणजे शिसं वितळून वाचवायला येणार नव्हतं. त्याचं काम वेगळं. यांनी धुराड्याची झापड बंद करायला लावली आणि इंजिनघरात निरोप पाठवला, पट्टे सोडा, इंजिन रिकामं फिरवा, वाफ खाऊ दे. काटा थांबला, पण उतरेना. भट्टीत इतका विस्तव होता.

“त्या कापडात काय आहे रे?” यांनी भावाला विचारलं.

“नवस आहे, भावोजी.”

“नवस दिसतोय मला. आत काय आहे?”

“पाच नारळ.” मग खाली बघून, “सालासकट.”

यांनी डोळे मिटले. “अरे, कोळशाच्या वखारीतला लांब दांडीचा काटा बघितलास ना तू? टोकाला शेरभर लावला की इकडे केवढं पोतं तोललं जातं? टोकाला बांधलेस तू ते. उतरव.”

भाऊ शिडीपुढे जाऊन उभा राहिला. तोंड घामाने आणि कोळशाने काळं, डोळे तेवढे पांढरे. “भावोजी, तुमच्या पाया पडतो. ती मोकळी होईपर्यंत नाही.”

“हा फुटला तर त्या पोराला बाप कुठला आणायचा?”

“बाप व्हायचंय म्हणूनच तर बांधलेत!”

बाकीचे आगवाले मागे सरले. बॉयलरला ते भीत होतेच, पण दुसऱ्याचा नवस मोडायला त्याहून जास्त भीत होते. यांनी शिडीवर पाय ठेवला तर भावाने शिडी धरली. माझं डोकंच फिरलं. दोन शहाणे त्या माणूस मारायच्या यंत्राशेजारी उभे राहून शिडी ओढतायत!

“मेल्या, सोड ती शिडी!” मी ओरडले. “नवस कळतो तुला, ओटी कळत नाही का?”

त्याची शिडीवरची पकड ढिली झाली.

“तू उतरवायचे नाहीत, कबूल. भावोजींनी उतरवायचे नाहीत, तेही कबूल. पण देवाने आपल्या हाताने घरच्या बाईच्या ओटीत घातले तर? देवळात गुरव नारळ ओटीत घालतो, तेव्हा नवस मोडला म्हणतो का आपण? पावला म्हणतो! मी तुझी थोरली बहीण, त्या पोराची आत्या. हा बघ पदर पसरला. दे म्हणावं तुझ्या देवाला.”

हे सगळं आधीपासून मनात होतं असं नाही. बोलता बोलता सुचलं, आणि सुचल्यावर मला स्वतःलाच ते पटलं. भावाने माझ्या पदराकडे बघितलं, वर बघितलं. हे पुढे व्हायला लागले तर म्हणाला, “नको, भावोजी. बांधले मी, देणार मी.”

तो चढला. वर पत्रा इतका तापलेला, की पायाखाली पोतं टाकून उभा राहिला. गाठ सोडली, हात जोडले, आणि शिडीवरून वाकून एकेक नारळ माझ्या पदरात सोडला. पाचवा पडला तसा माझा पदर खाली ओढला गेला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

आणि तरीही गोळोबा गप्प.

“भावोजी,” भाऊ वरून म्हणाला, आणि आता त्याच्या आवाजात भीती होती. “दांडीचा सांधाच दिसत नाही. शेंदराने बुजलाय.”

वर्षानुवर्षांचं ते तेल-शेंदूर, वर गिरणीची धूळ, खालून रोजची धग. सगळं मिळून दगड झालं होतं. नारळ नसते तरी गोळोबा ओरडला असता की नाही, देवच जाणे.

“हात लावू नको,” हे म्हणाले. यांचा आवाज चढलेला मी तेव्हाच ऐकला. “एकाएकी उघडली तर तुझं तोंड भाजेल. खाली ये. आग ओढा बाहेर.”

मग भाऊ आणि दुसरे आगवाले लांब आकड्यांनी भट्टीतला विस्तव ओढून जमिनीवर काढायला लागले, आणि त्यावर पाणी मारायला लागले. यांनी मला बाहेर जायला सांगितलं. मी दारापर्यंत गेले, पुढे नाही. माझा नवरा आत, भाऊ आत, आणि मी बाहेर जाऊन काय तळ्यात धुणं धुऊ? ओटीतले नारळ धरून उभी राहिले आणि काट्याकडे बघत राहिले. पलीकडे इंजिन रिकामं फिरत होतं. काटा रेघेपाशी आला. मग रेघेखाली. सत्तरला आला तेव्हा हे भिंतीला टेकून खाली बसले, आणि मला म्हणाले, “भाकरी आहे का गं ती?”

संध्याकाळी मी नारळ घेऊन भोईवाड्यात गेले. भावजयीला नवस ठाऊक होता. नारळ बघून तिचा चेहरा उतरला.

“वन्सं, हे आत्ताच कसे आले? देवाने परत केले का? नको म्हणाला का?”

एवढी बोलणारी मी, पण आधी नारळांवरची कोळशाची पूड पुसत बसले. बॉयलरघरात सुचलं ते इथे पुरतं का, काय ठाऊक! “नको नाही म्हणाला गं,” मी म्हटलं. “धर म्हणाला.” तिच्या ओटीत पाचही नारळ घातले, कुंकू लावलं. घरी येताना मात्र वाटभर एकच डोक्यात घोळत होतं. आता ते मूल रडलं नाही, तर ती, भाऊ, अख्खी चाळ माझ्या पदराकडे बोट दाखवणार होती. आणि मी स्वतः तर दाखवणारच होते.

बॉयलर पुरता गार व्हायला दुसरा दिवस उजाडला. अर्धी गिरणी बंद, आणि साहेबाचं आकांडतांडव चालू. हे खाली मान घालून ऐकत राहिले, पण गोळा मोकळा झाल्याशिवाय काडी लावणार नाही म्हणाले ते म्हणालेच. छिन्नी घेऊन वर चढले तर भावाने हात धरला. मला वाटलं, झालं, पुन्हा सुरू. पण तो शेंदरावर बोट फिरवून म्हणाला, “छिन्नी नको, भावोजी. भेग पडलीय. देव खोळ टाकतोय.”

गावाकडे शेंदराच्या देवावर वर्षानुवर्षं थर चढत जातात, आणि एक दिवस ते सगळं कवच आपणहून सुटतं. देवाने खोळ टाकली म्हणतात, आणि ती वाजतगाजत नेऊन पाण्यात सोडतात. भावाने भेगेत ऊन तेल सोडलं, थोडा वेळ थांबला, दोन्ही हातांनी हलकेच ओढलं. सांध्यावरचं आणि गोळ्यावरचं कवच दोन वाट्यांसारखं सुटून हातात आलं. आतला लोखंडी गोळा इतका लहान, की सगळे बघतच राहिले. इन्स्पेक्टरची छिन्नीची खूण दांडीवर जशीच्या तशी. आगवाल्यांनी हात जोडले. भाऊ देवाच्या पाया पडला, आणि मग, कुणी न सांगता, यांच्याही.

खोळ झांजा वाजवत दादरच्या समुद्रावर नेऊन सोडली. पुढे भावानेच ठरवलं, की भिंतीतल्या कोनाड्यात गोळोबा म्हणून एक दगड ठेवायचा आणि शेंदूर त्याला लावायचा, दांडीला नाही. दुपारच्या सुटीत झडप पुन्हा ओरडायला लागली. पहिल्यांदा ओरडली तेव्हा मी तळ्यावर होते. पांढरी वाफ छपरावर उभी राहिली, आणि धुणं हातात धरून मी वेड्यासारखी हसत सुटले. भावाची कुणी थट्टा केली नाही.

दिवाळीच्या तोंडावर भावजयीच्या पोटात दुखायला लागलं. मी आणि सुईण आत, भाऊ गॅलरीत. भर दुपार. चाळीतल्या बायकांनी पोरंबाळं बाहेर काढली होती, त्यामुळे सगळीकडे सामसूम. मुलगी झाली. सुईणीने तिला उचललं, आणि आवाज नाही. कोपऱ्यात डाळीच्या डब्यावर ते पाच नारळ होते, तिकडे बघवेना. सुईणीने चापटी मारली. आवाज नाही. दाराबाहेर भावाचं पाऊल वाजलं, जिन्याच्या दिशेने. मी ओरडणार होते, थांब म्हणून, पण तोंडातून शब्द फुटेना. माझ्या तोंडातून!

सुईणीने पोरीला उलटं धरून पुन्हा मारलं.

आणि पोरगी रडली. आधी मांजरासारखी, मग श्वास घेऊन अशी, की शेजारच्या खोलीतली म्हातारी “देवा रे!” म्हणून ओरडली.

दार धाडकन उघडलं. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने यायचं नसतं, पण त्या दिवशी त्याला अडवणार कोण? भाऊ उंबऱ्यात उभा, डोळ्यांतून घळाघळा पाणी. आत येईना, बाहेर जाईना. पोरगी रडतेच आहे, लाल झाली रडून. सुईणीने तिला कापडात गुंडाळलं, छातीशी धरलं आणि उगी उगी करत थोपटायला लागली.

“नको!” माझा भाऊ म्हणाला. “गप्प करू नका तिला. ओरडू दे.”

मग आम्ही कुणी तिला उगी केलं नाही. ती दमेपर्यंत रडली, आणि आम्ही सगळे ऐकत बसलो.